आजी गेल्यावर तिच्या आठवणी कशा जपायच्या: जे आधी हरवतं, ते आधी धरा

माझी आजी २०२२ च्या फेब्रुवारीत गेली. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत तिचा सगळा संसार झाला. तेराव्याला पन्नास-साठ माणसं जेवून गेली आणि जो तो निघताना म्हणत होता, “तिला कोण विसरणार?” कुणी विसरलंही नाही. पण आठ महिन्यांनी मी आत्याला सहज विचारलं, “आजी तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणायची ना, ते काय होतं गं?” आत्यानं डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिलं. चाल आली, शब्द एकही येईना. काकूला विचारलं, तिचंही तेच. आम्ही तिघींनी मिळून ते हजारदा तरी ऐकलं असेल.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माणूस आठवणीत राहतो, गळतात ते त्याचे तपशील, आणि तेही एका ठरावीक क्रमानं. आधी आवाज जातो. मग हाताची चव. मग तिला लहानपणापासून ओळखणारी माणसं एकेक करून जातात. खोली जाते, कपडे वाटले जातात, कागद रद्दीत जातात. फोटो सगळ्यात जास्त टिकतात, आणि आपण मात्र सुरुवात फोटोंपासून करतो. मीही तीच चूक केली. म्हणून हा लेख हरवण्याच्या क्रमानं लिहिला आहे. तुमची आजी नुकतीच गेली असेल तर सगळं एकदम हाती घेऊ नका. आवाज आणि स्वयंपाकघर ही दोन कामं पहिल्या महिन्यात करा, बाकीची वर्षभर पुरतील. रडू आलं की थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी करा.

सरकारी कामाबद्दल दोनच ओळी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नोंद रुग्णालय कळवतं, घरी झाला असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जपून ठेवा. दाखल्यावरचं नाव आधार आणि बँकेच्या पासबुकाशी अक्षरशः जुळतं का ते पाहा आणि प्रती जास्तच काढून घ्या.

पहिलं काम: फोन आणि आवाज

आजीचा फोन कुणालाही देऊ नका, रिसेट करू नका आणि सिम बंद पडू देऊ नका. आमच्याकडे दहाव्याच्या आधीच घरातल्या एकानं चांगल्या हेतूनं तिचा फोन साफ करून एका गरजू पोराला देऊन टाकला. तिच्या आवाजातले सगळे निरोप त्यात गेले. आज माझ्याकडे तिच्या फोनवरून आलेला एकच निरोप आहे, तोही शेजारच्या काकींच्या मोबाईलमध्ये सापडलेला. अकरा सेकंदांचा. “गॅसवालो इलो तर त्येका खालीच थांबव गो, मी पैसे धाडतंय.” त्या अकरा सेकंदांत मागे कुकरची शिट्टी आहे आणि ‘गो’ म्हणताना तिचा खाली उतरणारा सूर आहे. तो मी अजून आठवड्यातून एकदा ऐकते.

फोन हातात असेल तर आधी नंबर रिचार्ज करून चालू ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसलं की काढून टाकलं जातं. अँड्रॉइड फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स’ नावाचा फोल्डर असतो, तो आख्खा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यातल्या फायली ‘ऑपस’ प्रकारच्या असतात. मूळ फायली तशाच ठेवा आणि ऐकायला एमपीथ्री प्रत वेगळी करा. मग प्रत्येक नातेवाइकाला त्याच्या फोनमधून आजीबरोबरचं चॅट ‘एक्स्पोर्ट’ करायला सांगा, मीडियासकट. मीडियासह काढलं तर साधारण शेवटचे दहा हजार मेसेज निघतात, त्यामुळे बडबड्या फॅमिली ग्रुपमधले जुने निरोप मागे राहू शकतात. ते एकेक करून स्वतःलाच फॉरवर्ड करा.

एवढ्यावर थांबू नका. दूधवाला, खालचा दुकानदार, भिशीच्या बायका, ज्यांना ज्यांना ती निरोप पाठवायची त्या सगळ्यांना विचारा. बारशाचे, हळदीचे, सत्यनारायणाचे व्हिडिओ काढा. त्यात ती चौकटीबाहेर असेल, पण मागून कुणाला तरी ओरडताना ऐकू येईल. जुन्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट किंवा सीडी माळ्यावर असेल तर खाली उतरवा. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती लावून बघायचा मोह टाळा, बुरशी यंत्रात पसरते आणि फीतही तुटते. अशी कॅसेट जाणकाराकडूनच उतरवून घ्या. हे काम ज्या वेगानं वाजतं त्याच वेगानं होतं, म्हणजे तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच.

फायलींना नाव देताना तारीख, कुणाला आणि कशाबद्दल एवढं मराठीतच लिहा. दहा वर्षांनी आकड्यांची नावं कुणाला कळणार नाहीत.

दुसरं काम: मसाल्याचा डबा घासू नका

सुतक संपलं की घरातली कामसू बाई पहिलं काय करते, तर स्वयंपाकघर साफ करते. तिला थांबवा. आजीचा मसाल्याचा डबा, मिठाची बरणी, तिची मापाची वाटी, तेलाची किटली, आत काय आहे आणि किती आहे हे बघितल्याशिवाय हलवू नका. आमच्या डब्यात अर्धा किलोच्या आसपास मालवणी मसाला उरला होता. त्यातले दोन चमचे काचेच्या छोट्या बाटलीत घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवले. नवीन मसाला केला की रंग आणि वास त्याच्याशी ताडून बघता येतो.

आजीला विचारून लिहून घ्यायची वेळ गेली, आणि विचारलं तेव्हाही तिचं उत्तर ठरलेलंच असायचं: “अंदाजान घाल गो, हाताक कळता.” मग ज्या हातांनी तिच्या शेजारी उभं राहून काम केलं, त्यांना विचारायचं. आमच्याकडे ती आत्या. पण आत्यालाही तोंडी सांगता येत नव्हतं. त्यावर एक उपाय सापडला, तो मी सगळ्यांना सांगते.

आत्याला नेहमीसारखा स्वयंपाक करू द्यायचा. फक्त कुठलीही वस्तू पातेल्यात जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवलेल्या वाटीत पडली पाहिजे. आत्या मूठभर कुळथाचं पीठ घेते, ते आधी काट्यावर, आकडा मी लिहिते, मग ते पातेल्यात. मीठ मोजायला मिठाची बरणी आधी आणि नंतर अशी दोनदा वजन करायची. पाण्याचंही तसंच. एकच पदार्थ तीन वेगवेगळ्या दिवशी असा मोजा आणि तिन्ही आकडे लिहा. कुळथाच्या पिठीत आत्याची मूठ एकदा ३८ ग्रॅम भरली, एकदा ४४, एकदा ४१. सरासरी काढू नका, तिन्ही ठेवा. कारण ४४ च्या दिवशी पाऊस होता आणि तिला पिठी दाट हवी होती. हे कारणही लिहिलंत की मग पाककृतीत आजी दिसायला लागते.

यातच आम्हाला एक गोष्ट कळली. आत्याच्या हातून आमटी नेहमी जास्तच व्हायची. शोध घेतला तर कारण जुनं निघालं. आजीची खानावळ होती. गिरणीतले नऊ गडी तिच्याकडे जेवायला, त्यामुळे तिची सगळी मापं नऊ आणि घरची पाच अशा चौदा माणसांची, आणि आत्या तीच मापं शिकली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि खानावळीची उधारी वाढत गेली. आजीनं कुणाचं पान बंद केलं नाही, फक्त सुक्या मासळीचं कालवण कमी करून पिठी वाढवली. आमच्या घरात पिठी इतकी का होते, त्याचं उत्तर हे. तुमची आजी गिरणगावात डबे किंवा खानावळ चालवत असेल तर जुन्या कागदांत बँकेच्या कर्जाची पावती किंवा मंडळाचं कार्ड नक्की शोधा. अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, आणि तिच्या नावावरचा पहिला आर्थिक कागद कदाचित तोच असेल.

तिसरं काम: तिच्या वयाची माणसं

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिची धाकटी बहीण, गावची मैत्रीण, चाळीतली समोरच्या खोलीतली म्हातारी. ही माणसं पंचाहत्तरीच्या पुढची आहेत. दिवाळीनंतर जाऊ, गणपतीत भेटतीलच, असं म्हणू नका. मी आजीच्या एका बहिणीकडे जायचं तीन महिने लांबवलं आणि ती गेली.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि नुसत्या खाऊच्या पुड्यावरही भागवू नका. आजीची एखादी वस्तू बरोबर न्या. अडकित्ता, नथ, जुनं लुगडं, तिच्या हातची गोधडी. वस्तू हातात आली की बोलणं आपोआप सुरू होतं. “आजी कशी होती?” असं विचारू नका. त्याचं उत्तर “फार प्रेमळ” एवढंच येतं आणि तिथेच संपतं. “सकाळी उठून आधी काय करायची? तिचं कुणाशी भांडण होतं? लपवून काय खायची? पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा अंगावर काय होतं?” असे प्रश्न विचारा.

रेकॉर्डिंग फोनवरच करा. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घडी केलेल्या पंचावर ठेवा, म्हणजे टेबलाचे आवाज येत नाहीत. शक्य असेल तर पंखा बंद करा. मुंबईच्या उकाड्यात ते फार वेळ जमत नाही, म्हणून निदान फोन पंख्याच्या झोतातून बाजूला सरकवा. पाऊण तासाच्या पुढे म्हातारं माणूस थकतं, तेव्हा उठा आणि पुन्हा या. आणि ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प राहा. चांगल्या गोष्टी बहुतेक त्या गप्प बसण्यानंतरच येतात.

वर्षं विचारून उपयोग नसतो, घटना विचारा. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, जुलै १९४७ मध्ये बुडालेली रामदास बोट, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि १ मे १९६०, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, गिरणी संप, २६ जुलै २००५ चा पाऊस. “तेव्हा आजी कुठे होती, पदरात कोण होतं?” एवढं विचारलं की तारखा आपोआप जागेवर बसतात. आमच्या आजीच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९३६ होती, शाळेचा दाखला नसलेल्या कितीतरी बायकांची असते तशीच. पण गावच्या मैत्रिणीनं सांगितलं की रामदास बोट बुडाल्याची बातमी आली तेव्हा दोघी दुसरीत होत्या आणि बाईंनी शाळा सोडून दिली होती. म्हणजे आजी १९४० ची. ती गेली तेव्हा आम्ही समजत होतो त्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती. आणि लग्न होऊन बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा एकोणीस वर्षांची.

एक प्रश्न विसरू नका: माहेरचं नाव. आडनाव बहुतेकांना माहीत असतं, मी पहिल्या नावाबद्दल बोलते आहे. आपल्याकडे लग्नात तांदळात नवं नाव लिहून बाईचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती. एकोणीस वर्षं ज्या नावाला ती ओ देत होती ते नाव आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हतं, तिच्या मुलांनासुद्धा. मैत्रिणीनं ते सहज बोलता बोलता घेतलं आणि मला आधी कळलंच नाही की ती कुणाबद्दल बोलते आहे. ते नाव आता आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे, सासरच्या नावाच्या वर.

जे ऐकायला बरं वाटणार नाही तेही लिहून घ्या. आमची आजी नातवाला साय द्यायची आणि नातीला दूध. तिनं मोठ्या सुनेला फार छळलं होतं आणि शेवटच्या आजारपणात तिच्याच हातून जेवायची. काकूनं हे सगळं सांगितलं आणि रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगितलं. तिला तो हक्क आहे. फक्त असं काही असेल तर ते कुणाला ऐकवायचं, कधी ऐकवायचं, हे सांगणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.

आपली आजी काही मोठी बाई नव्हती, हे कशाला जपायचं, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. मुंबईतली स्पॅरो ही संस्था १९८८ पासून बायकांच्या मुलाखती, फोटो, कागद जपते आहे, आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बाया आपल्या आज्यांसारख्याच होत्या.

चौथं काम: खोली मोजा

मुंबईत माणसामागोमाग घरही जातं. चाळ पुनर्विकासात जाते, पागडीची खोली सोडावी लागते. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची, एका चाळीत अशा ८० खोल्या. सगळं आयुष्य त्यात कसं मावलं हे पुढच्या पिढीला सांगून पटणार नाही, दाखवावं लागेल.

सामान हलवायच्या आधी मोजपट्टी घेऊन जा. भिंती, दार, खिडकी, मोरी, ओटा मोजा आणि चौकटीच्या वहीत एक फूट म्हणजे एक चौकट असा नकाशा काढा. मग त्यात वस्तू भरा: कॉट, देव्हारा, पाण्याचं पिंप, भांड्यांची फळी, माळ्यावरची ट्रंक. ओट्याची उंची आवर्जून लिहा, आमची आजी पाच फुटांच्या आतली होती आणि ओटा तिच्या मापानं सव्वादोन फुटांवर बांधलेला होता. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतील तर त्यांचे जवळून फोटो घ्या. खोलीच्या मधोमध उभं राहून चारही भिंतींचे फोटो घ्या, मग जमिनीवर बसून घ्या, ती जिथे बसायची त्या जागेवरून. शेवटी पाच मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा. व्हरांड्यातली पावलं, शेजारचा टीव्ही, नळ. खोली आधीच गेली असेल तर घरातल्या तीन-चार जणांना एकमेकांचं न बघता नकाशा काढायला लावा. आमच्या दोन काकांचे देव्हारे दोन वेगळ्या भिंतींवर निघाले, आणि दोघंही बरोबर होते. १९७९ च्या सुमारास तो हलवला होता.

पाचवं काम: कॅलेंडरं आणि कागद

रेशनकार्ड, पासबुकं, वीजबिलं, पोस्टकार्डं हे सगळे कागद जपतात. कॅलेंडर मात्र रद्दीत जातं. असं करू नका. कालनिर्णय १९७३ पासून निघतं आणि आपल्या बहुतेक आज्यांची रोजनिशी तीच आहे. दुधाचा हिशोब, ‘गॅस लावला’, इस्त्रीचे कपडे, कुणाचं बारसं, कुणाला किती दिले. आमच्या आजीनं चौदा वर्षांची कॅलेंडरं खिळ्याला एकावर एक टांगून ठेवली होती. मी ती सगळी वाचली. ‘गॅस लावला’च्या तारखांवरून एक बाटला किती दिवस पुरत होता ते कळतं, आणि आजोबा गेल्यावर तो बावीस दिवसांवरून एकदम चाळीसवर गेलेला दिसतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तीन चौकटींत तिनं बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘बायचो फोन नाय.’ बाय म्हणजे मी.

कॅलेंडरचं एकेक पान सपाट ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको. मग पिना काढून पानं मोठ्या लिफाफ्यात आडवी ठेवा. पिना गंजतात आणि मुंबईच्या हवेत फार लवकर गंजतात.

सहावं काम: लुगडी आणि गोधडी

एक कपडा न धुता ठेवा. शेवटपर्यंत वापरातला, तिच्या अंगाचा वास असलेला. तो पूर्ण कोरडा आहे ना बघा, झिपच्या जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि कपाटाच्या अंधाऱ्या खणात ठेवा. वारंवार उघडू नका. हे पावसाळ्याच्या आत केलंत तर बरं, नाहीतर दमट कपड्याला आतल्या आत बुरशी येते. बाकीचे कपडे धुऊन ठेवा. रेशमी आणि जरीच्या साड्या जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला. एकाच जागी घडी राहिली की साडी तिथेच विरते.

सुती लुगड्यांची गोधडी करा, म्हणजे ती रोज अंगावर येतील. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात आणि दोन तुकडे शेजारी जोडले की डबल गोधडीचा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात वरचा आणि खालचा असे दोन थर निघतात, आणि मध्ये विरलेली, फाटकी लुगडी घालता येतात. आधी सगळी गरम पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर शिवल्यावर एक थर आटतो आणि गोधडी गोळा होते. सुती दोरा, साधा धावदोरा, कडेनं सुरुवात करून आत आत जायचं. शिवायला चार-पाच जणी बसा. मशीनवर करून घेतली तर लवकर होते, पण हाताची मऊ होते.

दागिन्यांचं एवढंच सांगते: वाटणी होण्याआधी प्रत्येकाचं वजन, फोटो आणि ‘हा तिला कुणी केला’ हे लिहा. पाटल्या मोडल्या जातील, पण त्या खानावळीच्या पैशांतून झाल्या होत्या हे राहायला हवं.

घर लहान असतं, सगळं ठेवता येत नाही. आम्ही एक ट्रंक ठरवली. त्यात मावेल तेवढं आजीचं, बाकीचं वापरात किंवा वाटून टाकलं.

सातवं काम: फोटो

आता फोटो. भिंतीवरच्या मोठ्या फोटोसाठी स्टुडिओवाले पासपोर्ट फोटोतला चेहरा घेऊन त्याला दुसऱ्याच साडीत बसवतात, मागे निळं आभाळ लावतात. ते करू देऊ नका. तिच्याच साडीतला, तिच्याच घरातला फोटो निवडा, थोडा अंधुक असला तरी चालेल. फ्रेम बाहेरच्या भिंतीला लावायची असेल तर मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे ओल आल्यावर हवा खेळती राहते. ताज्या फुलांचा हार काचेला टेकू देऊ नका.

जुने फोटो ६०० डीपीआयनं स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे १२०० नं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, दातांच्या फटी साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) मागून हळूहळू सरकवा. काचेला चिकटलेला फोटो सोडवूच नका, काचेसकट त्याचा फोटो काढा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं लिहा, बॉलपेनची रेघ पुढे उमटते. ज्या फोटोतली माणसं ओळखता येत नाहीत तेच तिसऱ्या कामाला जाताना बरोबर न्या. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा: घरी हार्ड डिस्कवर, क्लाउडवर, आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

आठवं काम: तिथी आणि पान

गेली त्या दिवसाची तिथी वहीत लिहा, तारीख पुरत नाही. वर्षश्राद्ध तिथीनं येतं, आणि भाद्रपद वद्य पक्षात त्याच तिथीला पान ठेवलं जातं. नवरा हयात असताना गेली असेल तर अविधवा नवमी, तिथी माहीतच नसेल तर सर्वपित्री अमावास्या. ज्यांना विधी करायचे ते बाणगंगेला जातात, कुणी घरीच करतं, कुणी करत नाही. ज्याचं त्यानं ठरवावं.

पानात काय वाढायचं याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. खीर-वडे असू देत, पण तिला खरंच आवडायचं ते एक तरी हवं. आमच्या आजीला कोपऱ्यावरचा गरम बटाटावडा आवडायचा, लसणीच्या सुक्या चटणीसकट. पहिल्या वर्षी खिडकीत पान ठेवलं तेव्हा आत्यानं कुणाला न विचारता एक वडा आणून त्यात ठेवला.

त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकानं ट्रंकेतली एक वस्तू उचलायची आणि तिच्याबद्दल बोलायचं, असं आम्ही दरवर्षी करतो. लहान मुलांनाही वस्तू उचलू देतो. ती प्रश्न फार चांगले विचारतात.

आणि एक काम असं आहे की ते वर्षश्राद्धाला उरकून टाकता येत नाही. तिचं एखादं काम तिच्या वेळेला, तिच्या पद्धतीनं, हातानं करत राहायचं. आम्ही मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी मिरची आणतो, उन्हात घालतो, देठं काढतो, भाजतो, कांडपावर देतो. फ्रीजमधली छोटी बाटली उघडून रंग ताडून बघतो. या सगळ्यात देठं काढायला बसण्याआधी फोन रेकॉर्डिंगला लावून फ्रीजवर ठेवून द्या. हात कामात असले की डोकं मोकळं होतं आणि काय काय वर येतं.

गेल्या वर्षीचं आमचं रेकॉर्डिंग एक तास चौदा मिनिटांचं आहे. बराच वेळ नुसती मिरची मोडल्याचा आवाज, शिंका, काकूचं कुणावर तरी चिडणं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला आत्या गुणगुणायला लागते. आधी नुसती चाल, मग मध्येच दोन ओळी शब्दांसकट येतात, तांदूळ निवडतानाच्या त्याच. तिसरी अजून आलेली नाही.